भिंतीवरचा पिंपळ कुंडींत

आपल्याकडील कोणत्याही जुन्या गांवांतून पावसाळ्याच्या दिवसांत फेरफटका मारावा, म्हणजे एक दृश्य हटकून नजरेस पडतें. वाड्याच्या पडक्या भिंतींतून, देवळाच्या शिखराच्या सांध्यांतून, किंवा विहिरीच्या चिऱ्यांमधून एखादें पिंपळाचें रोप बाहेर डोकावत असतें. त्याला कोणीं लाविलेलें नसतें, कोणीं पाणी घातलेलें नसतें. खालीं मूठभर मातीही नसते. तरी दरवर्षीं तांबूस कोंवळी पालवी घेऊन तें पुन्हां उभें राहतें. घराचा धनी त्याकडे भयानें पाहतो. कारण आज बोटाएवढें असलेलें मूळ उद्यां चिरा हलविणार, हें त्यास ठाऊक असतें. गवंडी त्याकडे वैऱ्याच्या दृष्टीनें पाहतो. घरांतील वडील माणसें मात्र 'पिंपळाला शस्त्र लावूं नका' म्हणून बजावीत असतात. आणि ह्या तिघांच्या ओढाताणींत तें झाड आपलें वाढतच असतें.

ह्याच रोपाकडे आणखी एका दृष्टीनें पाहतां येतें. निसर्गानें उपाशी ठेवून खुजें केलेलें, उन्हापावसानें कणखर झालेलें, बुंध्याशीं फुगीर आणि अंगानें वांकडेंतिकडें असें हें झाड म्हणजे वामनवृक्ष करणाऱ्यास आयती मिळालेली ठेवच होय. बीं पेरून कुंडींत असा बुंधा तयार करावयाचा म्हटलें, तर अनेक वर्षें वाट पाहावी लागते. येथें ती वाट निसर्गानें आधींच पाहून ठेविलेली असते. अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून वामनवृक्षांची हौस बरीच पसरली आहे. तयार झाडें बाजारांत विकत मिळतात, आणि पैसे मोजले म्हणजे हौस भागते, हें खरें. परंतु स्वतः शोधलेल्या आणि स्वतःच्या हातांनीं उतरवून आणलेल्या झाडाचा आनंद निराळा. तो कसा मिळवावा, आणि तो मिळवितांना झाडाचा व रानाचा घात कसा टाळावा, हें नवशिक्यांस सांगणें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

डोंगरांतून घेतलेलें

बोन्साय हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणी. कलेचें मूळ मात्र चीनमधील. तेथील तांग घराण्यांतील झांगहुआय नांवाच्या राजपुत्राच्या थडग्यांत सन ७०६ च्या सुमाराचीं भित्तिचित्रें आहेत. त्यांपैकीं एका चित्रांत एक दासी लहानशीं झाडें व खडे मांडलेलें तबक हातांत घेऊन चालली आहे. पुढें ही कला जपानांत गेली, आणि १३०९ सालच्या एका जपानी चित्रमय गुंडाळीवर तबकांत वाढविलेलीं खुजीं झाडें दिसतात. ह्या कलेंत डोंगरावरून आणलेल्या झाडाला पूर्वींपासून मोठा मान आहे. जपानी भाषेंत त्याला 'यामादोरी' म्हणतात. 'यामा' म्हणजे डोंगर आणि 'तोरी' म्हणजे घेणें.

ह्या मानाचें कारण समजण्यासारखें आहे. कड्याच्या फटींत पडलेल्या बीजाला माती मिळते ओंजळभर. वारा शेंडा मोडतो, बर्फ फांद्या खालीं दाबतें, वरून दगड कोसळून अर्धी साल सोलून निघते. तरी जें झाड तगतें, त्याच्या अंगावर त्या सर्व दिवसांच्या खुणा राहतात. शंभर वर्षांचें झाड गुडघ्याएवढेंच असतें, पण पाहणाऱ्यास त्याचें वय कळल्यावांचून राहत नाहीं. माणसाच्या हाताला हें साधावयाचें म्हणजे एक आयुष्य पुरत नाहीं.

परंतु ह्या मानाला दुसरीही बाजू आहे. जपानांत निईगाता प्रांतांत इतोइगावा नांवाचें गांव आहे. तेथील चुनखडीच्या कड्यांवर वाढणारें जुनिपर जातीचें झाड वामनवृक्षांत फार मोलाचें मानतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तीं झाडें काढण्यासाठीं माणसें दोरांनीं कड्यावरून लोंबकळत असत, आणि त्या कामांत कित्येकांचे प्राणही गेले. शेवटीं झालें असें, कीं कडे बहुतेक रिकामे झाले. आज त्या जातीचीं जीं झाडें कुंड्यांतून दिसतात, तीं बहुतांशीं जुन्या झाडांच्या फांद्या लावून वाढविलेल्या संततीपैकींच असतात. शेंकडों वर्षांत जें वाढलें तें थोड्याच पिढ्यांत संपलें. झाड घ्यावयास निघणाऱ्यानें पहार उचलण्यापूर्वीं हें आधीं मनांत आणावें.

एक चूक

हा उपदेश मी दुसऱ्यांच्या अनुभवावरून करीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, वैशाखाच्या ऐन उन्हांत, सह्याद्रीच्या एका उतारावर मला एक करवंदीचें खोड दिसलें. जाळी गुरांनीं वर्षानुवर्षें खुडलेली; त्यामुळें खोड मनगटाएवढें जाड, पण उंची वीतभर. तें पाहून मला राहवलें नाहीं. जवळ हत्यार म्हणाल तर एक लहानसें खुरपें. दीड तास खणलें, तरी मूळ दोन दगडांच्या मधून खालीं उतरलेलेंच. शेवटीं मीं जोरानें ओढलें आणि तें कट्‌कन् तुटलें. बारीक मुळें सारीं मातींतच राहिलीं. ओल्या पंचांत गुंडाळून मी तें घरीं आणलें आणि हौसेनें एका उथळ, देखण्या कुंडींत लाविलें.

पानें पंधरा दिवस हिरवीं होतीं. मला वाटलें, जगलें. आल्यागेल्यास मी तें दाखवूं लागलों. महिन्याभरानें साल नखानें खरवडली तों आंत तपकिरी लांकूड. झाड केव्हांच मेलेलें होतें. हिरवेपणा होता तो केवळ साठविलेल्या ओलाव्याचा. पुढच्या वर्षीं त्याच वाटेनें जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां मीं केलेला खड्डा तसाच होता आणि पावसानें त्याच्या खालची माती ओघळून गेली होती. झाड गेलें आणि त्यानें धरून ठेविलेला उतारही गेला. त्या दिवसापासून मीं एक नियम केला, आणि तोच ह्या लेखाचा गाभा आहे: जें झाड नाहीं तरी जाणारच आहे, तेंच घ्यावें.

कोठून घ्यावें, कोठून घेऊं नये

आधीं 'घेऊं नये' तें सांगतों. राखीव जंगलांतून परवानगीवांचून झाड काढणें हा १९२७ च्या वन कायद्यान्वयें गुन्हा आहे. आणि अभयारण्यें व राष्ट्रीय उद्यानें यांतील वनस्पतींस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. शहरांतील वृक्षांसाठीं महाराष्ट्रांत १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हां भिंतीवरील झाड चांगलें मोठें झालें असेल, तर नगरपालिकेकडे विचारणा केल्याशिवाय त्यास हात लावूं नये. देवराईंतून तर वाळलेली काडीही उचलूं नये, हा आपल्या पूर्वजांचा नियम कोणत्याही कायद्याहून जुना आहे. खाजगी जमीन असली तरी मालकाची संमति तोंडीं नव्हे, लेखी घ्यावी. आणि सड्यावरचीं व कड्यावरचीं झाडें कायद्यानें मोकळीं असलीं तरी तीं पाहून डोळे निववावे, एवढेंच आपलें काम.

इतकें वर्ज्य केल्यावर उरलें काय, असें कोणी विचारील. उरलें तें पुष्कळ आहे. शहरांतून रोज जुने वाडे पाडले जात आहेत. त्यांच्या भिंतींवर, पन्हळींच्या तोंडाशीं, गच्चीच्या कठड्यांच्या फटींत वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांचीं रोपें असतातच. ह्या झाडांचीं फळें पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेंतून बीं भिंतींत पडतें. चुन्याच्या सांध्यांत ओल असते, तेवढ्यावर तें रुजतें. भिंत दुरुस्त करतांना हीं रोपें उपटून, तोडून किंवा त्यांवर औषध ओतून मारलीं जातात. दुसरें ठिकाण म्हणजे जुनीं कुंपणें. मेंदी, विलायती चिंच, कामिनी किंवा बोगनवेल यांचें वीस-पंचवीस वर्षांचें कुंपण काढून जेथें सिमेंटची भिंत घालावयाची असते, तेथें एकेक बुंधा असा मिळतो, कीं वामनवृक्षाच्या जाणकारानें हेवा करावा. तिसरें ठिकाण म्हणजे ज्या जमिनीवर बांधकाम निघणार आहे ती. तेथील चिंच, बोर, करवंद यांच्यावर यंत्राचा नांगर फिरणारच असतो. मालकास विचारून त्याच्या आधीं आपण जावें.

नवशिक्यानें आरंभ मात्र वडाच्या कुळांतील झाडानेंच करावा. वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक हीं झाडें चिकाचीं व चिवट असून त्यांस मुळें लवकर फुटतात. आपल्या हातून चूक झाली तरी तीं बहुधा क्षमा करतात. करवंद, बोर, चिंच यांचीं मुळें खोल जातात आणि तीं दुखावलेलीं त्यांस सोसत नाहींत. त्यांच्या वाटेस दोनतीन वर्षांच्या अनुभवानंतर जावें.

झाड निवडतांना पानांकडे न पाहतां बुंध्याकडे पाहावें. पानें पुढें लहान करतां येतात, फांद्या नव्या आणतां येतात. बुंधा मात्र जसा असेल तसाच राहतो. जमिनीशीं रुंद आणि वर निमुळता होत गेलेला, एखाददुसरें वळण असलेला, आणि अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडीचा बुंधा नवशिक्यास योग्य. झाड निरोगी असावें. मरावयास टेकलेलें झाड उतरवून आणल्यानें जगत नाहीं.

केव्हां उतरवावें

माझी करवंद मेली तिचें अर्धें कारण खुरपें होतें, तर अर्धें कारण वैशाख. झाड उपटलें म्हणजे त्याचीं पाणी ओढणारीं बारीक मुळें तुटतात. पानें मात्र पाणी उडवीतच राहतात. हवा जितकी कोरडी तितका हा तोटा जास्त. म्हणून आपल्याकडे ह्या कामास उत्तम काळ पावसाळ्याचा आरंभ. मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली, कीं आर्द्रा नक्षत्रापासून श्रावणाच्या मध्यापर्यंत केव्हांही वडाच्या जातीचें झाड उतरवावें. म्हणजे दसरा येईपर्यंत त्यानें मूळ धरलेलें असतें आणि थंडीच्या आधीं तें स्थिरावतें. ढगाळ दिवस व संध्याकाळची वेळ साधली तर अधिक चांगलें.

जमिनींतील झाडास घाई नसेल, तर त्याहून सुरक्षित रीत अशी: पहिल्या पावसाळ्यांत बुंध्याभोंवतीं अर्धें वर्तुळ आंखून तेवढ्या बाजूचीं मुळें धारदार हत्यारानें तोडावीं आणि चर वाळूमिश्रित मातीनें भरावा. तोडलेल्या टोंकांस नवीं बारीक मुळें फुटतात. दुसऱ्या पावसाळ्यांत उरलेलें अर्धें वर्तुळ तसेंच करावें, आणि तिसऱ्या पावसाळ्यांत झाड उचलावें. दोन वर्षें थांबणें कठीण वाटतें; पण ज्याला दोन वर्षें थांबवत नाहीं, त्यानें वामनवृक्षांच्या नादास न लागलेलें बरें.

उतरविण्याची रीत

बरोबर घ्यावयाचें साहित्य थोडें आहे: लहान पहार, छिन्नी व हातोडी, धारदार कात्री, बारीक दांत्यांची करवत, गोणपाट, सुतळी आणि पाण्याची बाटली. भिंतीवरचें झाड उतरवितांना दुसरें माणूस सोबत असल्यावांचून चढूं नये, आणि कठड्यावरून वांकून तर मुळींच काम करूं नये. झाडापेक्षां जीव मोठा. उंच जागेचें काम गवंड्याच्या परातींतून व शिडीवरूनच व्हावें. गवंड्यास आपला हेतु आधीं नीट समजावून सांगावा, म्हणजे तो झाड ओढून काढणार नाहीं.

प्रथम भोंवतालची भिंत पाणी घालून भिजवावी. मग झाडाचा पसारा कमी करावा. लांब फांद्या छाटून अर्ध्याहून अधिक पानें काढून टाकावीं. ह्यामुळें जीव तुटतो खरा, पण मुळें कमी झालीं कीं पानेंही कमी झालींच पाहिजेत, हें साधें त्रैराशिक आहे. नंतर छिन्नीनें सांध्यांतील चुना हलकेंच फोडीत मुळाच्या मागोमाग जावें. ओढूं नये. जेथें मूळ चिऱ्याच्या मागें खोल गेलें असेल, तेथें करवतीनें एका झटक्यांत स्वच्छ कापावें. चेंचलेलें मूळ कुजतें, कापलेलें मूळ भरून येतें. कापल्यावर पांढरा चीक वाहूं लागतो. तो पाण्यानें धुवून टाकावा, आणि डोळ्यांस व अंगास लागूं देऊं नये. बारीक मुळांचा जो झुबका मिळेल तो जिवापाड जपावा. लगेच सारीं मुळें ओल्या गोणपाटांत गुंडाळून सुतळीनें बांधावीं आणि त्याच दिवशीं झाड लावावें.

भिंत पडावयास अवकाश असेल, तर झाड न उपटतांही काम साधतें. बागवान लोक जिला गुटी कलम म्हणतात ती रीत येथें फार उपयोगी पडते. हव्या त्या फांदीवरची बोटभर रुंद साल चोहों बाजूंनीं कडें काढल्याप्रमाणें काढावी, तेथें ओलें शेवाळ बांधून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा. पावसाळ्यांत वडाला व नांद्रुकाला अशा ठिकाणीं महिन्या-दोन महिन्यांत मुळें फुटतात. मग त्यांच्या खालून फांदी कापून घ्यावी.

आणखी एक सोपा मार्ग आपल्या घरांतील स्त्रियांच्या हातचा आहे. वटपौर्णिमेस शहरांतून वडाच्या फांद्या तोडून विकावयास येतात आणि पूजा होऊन दुसऱ्या दिवशीं कचऱ्यांत जातात. मुळांत फांदी तोडून आणणें बरें नव्हे. परंतु घरांत आलीच असेल तर ती टाकूं नये. ज्येष्ठी पौर्णिमा ही पावसाच्या तोंडावरच येते. अंगठ्याएवढी जाड फांदी वीत-दीड वीत ठेवून, शेंड्याचीं दोन पानें राखून, खालचा भाग वाळूंत खोंचावा. पुष्कळ फांद्यांस मुळें येतात. भिंतीवरच्या झाडासारखा जुना बुंधा तिला मिळणार नाहीं. पण मुलांच्या हातीं द्यावयास ह्याहून चांगली सुरुवात नाहीं. आणि चारपांच वर्षांनीं पूजेसाठीं घरचाच वड तयार असेल.

पहिलें वर्ष

नवशिक्यांचीं झाडें उतरवितांना मरत नाहींत इतकीं पहिल्या वर्षाच्या हौसेनें मरतात. पहिली चूक म्हणजे देखणी, उथळ कुंडी. ती तिसऱ्या वर्षाची गोष्ट. आरंभीं मातीची रुंद कुंडी, लांकडी खोकें किंवा बुडाला भरपूर भोकें पाडलेली जुनी बादली घ्यावी. नुसती काळी माती वापरूं नये. ती पावसांत चिखल होते आणि उन्हांत तडकते. विटांचा चाळलेला चुरा दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि चांगलें कुजलेलें शेणखत किंवा पाल्याचें खत एक भाग, हें मिश्रण पुरे. चुऱ्यांतील पीठ चाळून टाकावें, नाहीं तर पाण्याची वाट बुजते. मुळांच्या मधल्या पोकळ्यांत हें मिश्रण काडीनें हळूहळू बसवावें आणि झाड सुतळीनें कुंडीशीं घट्ट बांधावें. वाऱ्यानें बुंधा हलला कीं नवीं केसासारखीं मुळें तुटतात.

नंतर कुंडी सांवलींत, वारा न लागेल अशा जागीं ठेवावी. मातींत बोट घालून पाहावें. वरचा पेरभर थर सुकला असेल तरच पाणी द्यावें. खत मुळींच देऊं नये. जखमी मुळांस तें बाधतें. उरलेलीं पानें गळून पडतील. तेव्हां घाबरूं नये. नखानें साल किंचित् खरवडावी. खालीं हिरवें दिसलें तर झाड जिवंत आहे.

तीन ते सहा आठवड्यांत बुंध्यावर कोंब दिसूं लागतात. येथेंच दुसरी व मोठी चूक होते. पहिली पालवी ही मुळांची ग्वाही नव्हे. ती बहुधा बुंध्यांत सांठविलेल्या अन्नावर फुटते. झाडानें मूळ धरलें आहे असें समजून मनुष्य त्यास उन्हांत नेतो, आणि आठ दिवसांत सारी पालवी माना टाकते. म्हणून पहिली पालवी पूर्ण जून होऊन दुसरी फुटेपर्यंत जागा बदलूं नये. दुसरी पालवी फुटली म्हणजे मुळें कामास लागलीं असें समजावें, आणि मग सकाळचें कोंवळें ऊन द्यावें. मधूनमधून झाड उपसून मुळें आलीं कीं नाहीं हें पाहण्याचा मोह मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही होतो. तो आवरावा.

पूर्ण एक वर्ष झाडाला वळण लावूं नये. तें मनसोक्त वाढूं द्यावें. दुसऱ्या वर्षीं नको त्या फांद्या काढून हव्या त्या फांद्यांस तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळावी. वडाच्या जातीचीं झाडें झपाट्यानें जाड होतात, तेव्हां तार सालींत रुतूं लागण्याच्या आधींच ती कापून काढावी. उलगडूं नये, फांदी मोडते. तिसऱ्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं मुळें छाटून उथळ कुंडींत न्यावें. तेव्हां कोठें त्याला वामनवृक्ष म्हणावें.

वडील माणसांचा आक्षेप

आमच्या घरीं पहिला पिंपळ कुंडींत आला, तेव्हां काकूंनीं दोन दिवस तोंड फिरवून ठेविलें होतें. त्यांचें म्हणणें साधें होतें: गगनाला जाणारें झाड खुजें करून ठेवणें हें पाप, आणि तेंही पिंपळाचें! भगवंतानें गीतेंत वृक्षांमध्यें स्वतःस अश्वत्थ म्हटलें आहे, त्याची ही विटंबना. अशा आक्षेपाची थट्टा करणें हें आमच्या सुशिक्षितांस सोपें जातें. पण त्यांत जो सद्भाव आहे तो थट्टेचा विषय नव्हे, आणि आक्षेपही सर्वस्वीं खोटा नव्हे. रानांत नीट वाढत असलेलें झाड हौसेसाठीं उपटून आणणें ह्याला मी आज पापच म्हणेन. मग तो पिंपळ असो वा करवंद.

परंतु भिंतीवरच्या पिंपळाला गगन कोठें होतें? त्याच्यापुढें दोनच वाटा होत्या. एक, भिंत फोडून तिच्यासह खालीं येणें. दुसरी, गवंड्याच्या हातून मरणें. कुंडी ही त्याची तिसरी वाट. आणि एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कुंडींतील झाड उपाशी ठेवलेलें नसतें, तसें तें जगतच नाहीं. त्याला वेळेवर पाणी, खत, ऊन आणि दर दोनतीन वर्षांनीं नवी माती द्यावी लागते. सर्व घर दोन दिवस लग्नास निघालें, तर त्याला पाणी कोण घालणार ह्याचा विचार आधीं करावा लागतो. ज्या घरांत तेवढी निष्ठा नाहीं, त्या घरानें भिंतीवरचें रोप उतरवून गांवाबाहेरच्या मोकळ्या जमिनींत लावावें. तोही उत्तम मार्ग आहे आणि त्यांत पुण्यही अधिक आहे.

वास्तविक ही कला एकत्र कुटुंबाचीच आहे, असें मला वाटतें; कारण एका माणसाच्या आयुष्यांत ती पुरी होत नाहीं. जपानांत हिरोशिमा येथें यामाकी नांवाच्या कुटुंबाकडे पांढऱ्या जातीचा एक पाईन वृक्ष होता. १६२५ पासून तो कुंडींत वाढविला जात होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हां सुमारें दोन मैलांवर असलेल्या त्या घराच्या कांचा फुटल्या. पण भिंतीच्या आडोशाला असलेलें झाड वांचलें. १९७६ सालीं यामाकी यांनीं तें झाड अमेरिकेस भेट म्हणून दिलें. ज्या देशानें बाँब टाकला त्याच देशास! झाडाचा हा इतिहास तेथील लोकांस २००१ पर्यंत ठाऊकही नव्हता. त्या सालीं यामाकींचे नातू झाड पाहावयास गेले, तेव्हां तो उघडकीस आला. आज तें वॉशिंग्टन येथील वामनवृक्षांच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. पणज्यानें घातलेलें पाणी नातवाच्या नातवानें पुढें चालविलें, म्हणूनच तें झाड एवढें पाहूं शकलें.

आमचा पिंपळ इतका भाग्यवान नाहीं आणि इतका जुनाही नाहीं. ज्या वाड्याच्या भिंतीवरून तो उतरला, तो वाडा चार वर्षांपूर्वीं पाडला गेला. चिरे कोणी नेले, तुळया कोणी नेल्या. त्या घरांत जन्मलेल्यांपाशीं आज त्या घराचें असें एवढें एकच उरलें आहे: गॅलरींतल्या कुंडींतला दीड हात उंचीचा अश्वत्थ. त्याच्या मुळांत अजून एक चुन्याचा खडा अडकलेला आहे. माती बदलतांना मी तो काढणार होतों. काकूंनीं काढूं दिला नाहीं. त्या आतां स्नान झाल्यावर रोज त्या कुंडींत तांब्याभर पाणी घालतात, आणि मी गांवाला निघालों म्हणजे पाण्याची आठवण मला करावी लागत नाहीं.